विश्लेषण : डाऊन सिंड्रोम असलेल्यांना अल्झायमर लवकर का गाठतो?

डाऊन सिंड्रोम असलेली व्यक्ती चाळिशीनंतर नावे विसरू लागली, अबोल झाली, तर ‘तो पहिल्यापासूनच तसा आहे’ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरसारख्या ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञासाठी कोल्हापूर गाठावे लागते, त्यामुळे निदान आणखी लांबते. प्रत्यक्षात हा बदल अल्झायमरचा असू शकतो किंवा सहज बरा होणाऱ्या आजाराचाही.

जादा गुणसूत्राचा संबंध काय?

डाऊन सिंड्रोममध्ये बहुतेकांच्या पेशींत २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. याच गुणसूत्रावर ‘एपीपी’ जनुक आहे. त्याच्या प्रथिनाचे तुकडे होऊन अमायलॉइड बीटा तयार होते. जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती असल्याने अमायलॉइडही अधिक बनते. चाळिशीपर्यंत जवळपास सर्वांच्या मेंदूत त्याचे साठे आढळतात. लक्षणे मात्र बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसतात.

दोष याच जनुकाचा कशावरून?

१९९८ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या एका ७८ वर्षांच्या महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. तिच्या गुणसूत्राच्या जादा तुकड्यात एपीपी नव्हते आणि तिला अल्झायमरही झाला नव्हता. उलट, डाऊन सिंड्रोम नसतानाही केवळ एपीपीची जादा प्रत असलेल्या कुटुंबांत अल्झायमर लवकर होतो.

मेंदूतील रसायने कशी बदलतात?

स्मरणशक्ती व एकाग्रतेसाठी लागणारे अॅसिटिलकोलीन तयार करणाऱ्या पेशी झिजतात. सजगतेशी निगडित नॉरअॅड्रेनालिनही घटते. डोनेपेझिलसारखी औषधे उरलेले अॅसिटिलकोलीन टिकवतात. त्यांनी काहींना थोडा फायदा होतो. आजार मात्र थांबत नाही.

मग तपासणीचा उपयोग काय?

थायरॉइडची कमतरता डाऊन सिंड्रोममध्ये वारंवार आढळते. तिच्यामुळेही माणूस मंदावतो, विसरतो. रक्ताच्या साध्या तपासणीत ती कळते, गोळीने आटोक्यात येते. ऐकू कमी येणे, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणे आणि नैराश्य यांचीही लक्षणे अशीच भासतात. म्हणून आधी ही कारणे तपासावीत.

घरच्यांनी काय करावे?

तिशी-पस्तिशीतच ती व्यक्ती स्वतः कोणती कामे करते, किती बोलते, हे वहीत लिहून ठेवावे. मोबाइलवर चित्रीकरण करावे. पुढे डॉक्टरांना तुलना करता येते. ‘पहिल्यापासूनच तसा’ होता की आता बदलला, याचे उत्तर त्या नोंदीतच मिळते.