कान खरा की मीटर?

दुकानात दोन ॲम्प्लिफायर आलटूनपालटून ऐकवले जातात. दुसरा अधिक 'भरदार' वाटतो आणि आपण तोच घरी आणतो. पण त्याचा आवाज एखाद्या डेसिबलने मोठा ठेवलेला असला तर? एवढा फरक 'मोठा आवाज' म्हणून सहसा लक्षात येत नाही. तो 'गोडवा' म्हणून जाणवतो. शिवाय आवाज वाढला की खर्जाचे स्वर तुलनेने अधिक ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते.

मग कानाला निकालात काढायचे का? मुळीच नाही. स्वराचे विरूपण किती टक्के, हे मीटर सांगतो. ते खुपते की नाही, हे कानच सांगणार. मात्र कानाला डोळ्यांनी फितवता कामा नये. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर श्रोत्यांना पडद्याआडून आणि उघड अशा दोन्ही प्रकारे ऐकवले. स्पीकर दिसत असताना गुण बदलले!

हा प्रयोग शाळेतही करता येईल. स्पीकर एकच ठेवा, ॲम्प्लिफायर बदला (तारा बदलताना वीज बंद!). ४०० हर्ट्झचा ध्वनिमुद्रित स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने दोन्ही वेळी सारखे करून घ्या. एक डेसिबल म्हणजे सुमारे १२ टक्के फरक. मग पडद्यामागच्या विद्यार्थ्याने नाणे उडवून कोणता लावायचा ते ठरवावे. १६ पैकी निदान १२ वेळा ओळखले तरच दाद द्यावी. निव्वळ अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता सुमारे ४ टक्केच असते.

माझ्या महागड्या ॲम्प्लिफायरसाठी मी स्वतः ही परीक्षा दिली. ९ वेळा ओळखला.