विश्लेषण : मोफत शैक्षणिक व्हिडीओ कुठे शोधायचे आणि ते पाहून शिकायचे कसे?

दहावीचे वर्ष, घरात चांगला फोन एकच आणि तोही चाकणला सेकंड शिफ्टला गेलेल्या वडिलांच्या खिशात. सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी भागातील कामगार कुटुंबांना हे चित्र नवे नाही. फोन मुलाच्या हाती येतो तो जेमतेम तासभर. यूट्यूबवर मात्र एकाच धड्याचे असंख्य व्हिडीओ. कोणता पाहायचा हे ठरवण्यातच वेळ जातो आणि जो पाहिला तो समजल्यासारखा वाटूनही परीक्षेत आठवत नाही. हा एक तास सत्कारणी कसा लावता येईल, याचा हा आढावा.

शोधाची सुरुवात कुठून करावी?

यूट्यूबवरून नव्हे, तर दप्तरातल्या पुस्तकापासून. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'दीक्षा' या मोफत अ‍ॅपमधून हा कोड स्कॅन केला, की त्या पाठाशी संबंधित व्हिडीओ आणि सराव साहित्य उघडते. कॅमेरा नीट चालत नसेल, तर कोडसोबत छापलेली सहा अक्षरी-अंकी खूण टाइप करूनही काम होते. साहित्य एकदा डाउनलोड केले की ते नंतर इंटरनेटशिवाय पाहता येते.

पुस्तक आणि व्हिडीओ जोडण्याच्या या कल्पनेला महाराष्ट्राची पार्श्वभूमी आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, व्हिडीओ आणि स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचवले. या कामाची दखल घेऊन त्यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. दहा लाख डॉलरच्या या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली.

यूट्यूबवर नेमके काय टाइप करावे?

धड्याचे नाव पुस्तकात जसे आहे तसेच, पुढे इयत्ता आणि 'महाराष्ट्र बोर्ड'. सेमी-इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान-गणितासाठी पुस्तकातलेच इंग्रजी नाव वापरावे. बोर्डाचे नाव लिहिण्याला कारण आहे. दहावीच्या बीजगणितात 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' या प्रकरणात राज्य मंडळाच्या पुस्तकात निश्चयक आणि क्रेमरची पद्धत आहे. सीबीएसईच्या दहावीत ती नाही. त्यामुळे सीबीएसईचा उत्तम व्हिडीओ पूर्ण पाहूनही राज्य मंडळाच्या मुलाचा हा भाग कोराच राहतो.

त्यानंतर फिल्टरचा वापर करावा. यूट्यूबवर व्हिडीओच्या लांबीनुसार आणि सबटायटल असलेले व्हिडीओ वेगळे काढता येतात. निवडलेल्या व्हिडीओची पहिली दोन मिनिटे पाहून तीन गोष्टी तपासाव्यात : शिकवणारा उदाहरण स्वतः सोडवून दाखवतो का, पुस्तकातल्याच संज्ञा वापरतो का आणि व्हिडीओ सध्याच्या अभ्यासक्रमाचा आहे का. व्ह्यूजचा आकडा यातले काहीच सांगत नाही. 'एका रात्रीत पूर्ण पुस्तक' अशा शीर्षकांपासून दूर राहिलेलेच बरे. व्हिडीओखालच्या लिंकवर 'मोफत डेमो'साठी पालकांचा मोबाइल नंबर मागितला, तर तो देण्याची घाई करू नये. तिथून पुढे बहुतेक वेळा विक्रीचे फोन सुरू होतात.

डेटा कमी आणि फोन एकच असेल तर?

पहिला पर्याय टीव्हीचा. 'स्वयंप्रभा' आणि 'पीएम ई-विद्या' या उपक्रमांच्या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर मोफत दिसतात. त्यासाठी मोबाइल डेटा लागत नाही. करोनाकाळात 'एक इयत्ता, एक वाहिनी' या कल्पनेतून १२ वाहिन्या सुरू झाल्या. २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या २०० पर्यंत नेण्याची घोषणा झाली.

दुसरा पर्याय रात्रीचा. रोजच्या डेटा पॅकमधला उरलेला डेटा मध्यरात्री वाया जातो. तो संपण्याआधी दुसऱ्या दिवशीचे दोन व्हिडीओ अ‍ॅपमध्येच डाउनलोड करून ठेवावेत. फळ्यावरचे आकडे वाचता येतील एवढी गुणवत्ता पुरते, एचडीची गरज नसते. अभ्यासाच्या वेळी फोन एरोप्लेन मोडवर ठेवला, की नोटिफिकेशनचा त्रासही वाचतो. ऑनलाइनच पाहायचे असेल तर 'ऑटोप्ले' बंद करावे. अन्यथा भिंगांच्या धड्यानंतर पुढचा व्हिडीओ कशाचा लागेल, हे मुलाच्या हातात राहत नाही.

आयटीआय आणि इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी काय आहे?

आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या 'भारत स्किल्स' या पोर्टलवर ट्रेडनुसार अभ्यासक्रम, प्रश्नसंच आणि व्हिडीओ आहेत. संगणकाशी संबंधित विषयांसाठी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प उपयोगी ठरतो. लिनक्स, सी, पायथन, लिबरऑफिस अशा विषयांवरचे साधारण दहा मिनिटांचे हे धडे असून, त्यातील अनेक मराठीतही आहेत. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडीओ आणि अर्ध्या स्क्रीनवर स्वतःचे काम, अशा पद्धतीने ते पाहावेत अशीच त्यांची रचना आहे.

इंजिनीअरिंगसाठी आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी २००३ मध्ये सुरू केलेला 'एनपीटीईएल' हा मोठा खजिना आहे. व्याख्याने पाहणे आणि अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे मोफत आहे. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरावे लागते.

पाहिलेले समजते, मग पेपरात का येत नाही?

डेरेक म्युलर यांनी ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये पूर्ण केलेल्या पीएचडी संशोधनात याच प्रश्नाचा शोध घेतला होता. भौतिकशास्त्राचे स्वच्छ, सोपे स्पष्टीकरण असलेला व्हिडीओ पाहिलेल्या विद्यार्थ्यांनी 'छान समजले' असे सांगितले. पण त्यांचे चाचणीतले गुण जवळपास होते तिथेच राहिले. दुसऱ्या गटाच्या व्हिडीओत आधी विद्यार्थ्यांचे नेहमीचे गैरसमज मांडले होते आणि नंतर ते खोडून काढले होते. हा व्हिडीओ मुलांना गोंधळात टाकणारा वाटला. गुण मात्र जवळपास दुप्पट झाले. सोपे स्पष्टीकरण ऐकताना 'हे तर मला माहीतच आहे' असे मेंदू धरून चालतो आणि आधीची चुकीची समजूत तशीच राहते.

प्रस्तुत लेखकाने हा धडा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी घेतला. एम-थ्रीच्या पेपरआधी लाप्लास ट्रान्सफॉर्मची अख्खी प्लेलिस्ट दीडपट वेगाने पाहून काढली. प्रत्येक गणित समजत होते. पेपरात पहिल्याच प्रश्नाला पेन अडले, कारण तोवर एकही गणित स्वतःच्या हाताने सोडवले नव्हते. विषय राहिला. पुढच्या वेळी तीच प्लेलिस्ट होती, फक्त सोबत वही होती आणि विषय सुटला.

मग व्हिडीओ पाहायचा कसा?

• आधी पुस्तकातला भाग वाचून अडलेला प्रश्न वहीत लिहावा. त्या प्रश्नासाठी व्हिडीओ शोधावा, धड्यासाठी नव्हे.

• उदाहरण फळ्यावर लिहून झाले की व्हिडीओ थांबवावा. दोन-तीन मिनिटे स्वतः प्रयत्न करावा, मग उत्तर पाहावे. चूक कुठे झाली तिथे खूण करावी.

• दहा मिनिटांचा व्हिडीओ असेल तर वीस-पंचवीस मिनिटे धरावीत. वेग वाढवायचा तो उजळणीच्या वेळी.

• संपल्यावर फोन बाजूला ठेवून पाच ओळी आठवून लिहाव्यात. दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारचे एक गणित न पाहता सोडवावे.

• आपोआप तयार होणाऱ्या मराठी सबटायटलमध्ये चुका असतात. सूत्रे आणि संज्ञा पुस्तकाशी ताडून पाहाव्यात.

हाताने करून पाहण्याचे काय?

त्यासाठी सांगवीपासून फार लांब जावे लागत नाही. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून बाहेर पडल्यावर टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, इंजिनीअर होते. पुढे गणेशखिंडच्या विद्यापीठ परिसरातील 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञान दाखवणारे त्यांचे छोटे व्हिडीओ मराठीसह अनेक भाषांत मोफत आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे व्हिडीओ नुसते पाहण्यासाठी नाहीत. ते संपल्यावर मुलाने घरात काड्या शोधाव्यात, यासाठी आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या संकेतस्थळावरही मराठीतून हाताळता येणारे प्रयोग आहेत. तिथे सर्किटमध्ये बल्ब जोडून काय होते ते स्वतःच पाहता येते.

पालकांनी काय करावे?

शिफ्टवरून थकून आलेल्या आई-वडिलांना दहावीचे बीजगणित यायलाच हवे असे नाही. 'किती व्हिडीओ पाहिलेस?' असे विचारण्याऐवजी 'आज पाहिलेले एक गणित वहीत सोडवून दाखव' एवढे म्हटले तरी पुरे. मूल मध्येच अडले, तर उद्याच्या तासाभरात कोणता व्हिडीओ शोधायचा, हेही त्यातूनच कळते.