अनास्तास मिकोयान

अनास्तास इव्हानोविच मिकोयान (२५ नोव्हेंबर, १८९५ – २१ ऑक्टोबर, १९७८) हे सोव्हिएत संघातील आर्मेनियन वंशाचे राजकारणी होते. लेनिन, स्टॅलिन, ख्रुश्चेव आणि ब्रेझनेव्ह या चौघांच्याही राजवटीत उच्च पदांवर राहिलेले असे नेते विरळाच.

आर्मेनियातील सानाहिन या खेड्यात एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. तिफ्लिसच्या धर्मशाळेत शिकत असताना ते बोल्शेविक चळवळीकडे वळले. १९१८ मध्ये बाकू येथील २६ कमिसारांना गोळ्या घालण्यात आल्या. मिकोयान मात्र बचावले.

== अन्न व व्यापार ==
१९२६ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, ते व्यापार खात्याचे प्रमुख झाले. १९३४ पासून अन्नोद्योग खाते त्यांच्याकडे होते. १९३६ च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी तेथील कारखाने बारकाईने पाहिले. यंत्रावर तयार होणारे आइस्क्रीम, डबाबंद पदार्थ आणि पुढे ‘मिकोयान कटलेट’ म्हणून प्रसिद्ध झालेले खिम्याचे कटलेट सोव्हिएत घराघरांत पोहोचले, त्यामागे हा दौरा होता. सिद्धान्तचर्चेपेक्षा कामात गढलेला हा मंत्री कोणत्याही सत्ताधीशाला उपयोगी वाटावा, यात नवल नाही.

== स्टॅलिनचा काळ ==
केवळ उपयुक्तता मात्र पुरेशी नव्हती. १९३७ मध्ये स्टॅलिनच्या आदेशावरून ते आर्मेनियात गेले व तेथील अटकसत्रात सहभागी झाले. सुमारे २२ हजार पोलिश बंदिवानांना ठार मारण्याच्या ५ मार्च, १९४० च्या निर्णयावर (कातिन हत्याकांड) त्यांचीही स्वाक्षरी आहे. ऑक्टोबर १९५२ मध्ये स्टॅलिनने भर बैठकीत मोलोतोव्ह व मिकोयान यांच्यावर टीका केली. पुढील मार्चमध्ये स्टॅलिनचा मृत्यू झाला नसता, तर दोघांचीही धडगत नव्हती.

== उत्तरकाळ ==
फेब्रुवारी १९५६ च्या विसाव्या पक्षअधिवेशनात, ख्रुश्चेव यांच्या प्रसिद्ध गुप्त भाषणाच्याही आधी, त्यांनी स्टॅलिनच्या कार्यपद्धतीवर टीका केली. त्याच वर्षी हंगेरीत दुसऱ्यांदा सैन्य धाडण्यास त्यांनी विरोध केला. तो डावलला गेला; पण त्यांनी पद सोडले नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये क्षेपणास्त्रे मागे घेण्याच्या निर्णयामुळे संतापलेल्या फिडेल कास्त्रोंची समजूत घालण्यासाठी ते क्युबात गेले. तेथे असतानाच मॉस्कोत पत्नी आश्खेन यांचे निधन झाले. अंत्यविधीसाठी त्यांनी मुलाला परत पाठवले व स्वतः वाटाघाटी चालू ठेवल्या. १९६४–६५ मध्ये ते सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाचे अध्यक्ष, म्हणजेच नाममात्र राष्ट्रप्रमुख, होते.

== कुटुंब ==
त्यांना पाच मुलगे होते. त्यांपैकी वैमानिक व्लादिमीर १९४२ मध्ये स्टॅलिनग्राडच्या लढाईत मारला गेला. ‘मिग’ विमानांच्या नावातील ‘म’ म्हणजे त्यांचे धाकटे बंधू, अभियंता आर्तेम मिकोयान. यांपैकी मिग-२१ विमानांची निर्मिती पुढे नाशिकजवळील ओझर येथे झाली.

१९७८ मध्ये मॉस्कोत मिकोयान यांचे निधन झाले. त्यांचे दफन क्रेमलिनच्या भिंतीपाशी नव्हे, तर नोवोदेविची दफनभूमीत झाले.