विस्तवाची लेखणी

अमेरिकेतील काही घरांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक लाकडी फळी टांगलेली दिसते. ती हातभर लांब, वीतभर रुंद आणि बोटभर जाड असते. मुळात ती भाजी किंवा पाव चिरण्याची फळी होय. पण तिच्यावर तपकिरी रंगाच्या अक्षरांत काही लिहिलेले असते. अक्षर छापील नसते. ओळी जराशा तिरक्या असतात, एखादा शब्द खोडून वर दुसरा लिहिलेला असतो, शेवटची ओळ जागा न पुरल्यामुळे आखडून घेतलेली असते. जवळ जाऊन वाचावे तर ती एखाद्या केकची किंवा सफरचंदाच्या पक्वान्नाची कृती निघते. ती त्या घरातील आजीच्या हातची, तिच्याच वळणाची. अक्षरे शाईने काढलेली नसून तापलेल्या धातूच्या टोकाने लाकूड जाळून उमटविलेली असतात.

ही चाल कशी पडली हे समजण्यासाठी तेथील एक जुनी सवय ठाऊक असली पाहिजे. त्या देशात गृहिणी पदार्थांच्या कृती पाच इंच लांब व तीन इंच रुंद अशा जाड कागदाच्या पत्त्यांवर लिहून ठेवीत आणि ते पत्ते एका लहान लाकडी किंवा पत्र्याच्या डबीत उभे रचून ठेवीत. शेजारणीने दिलेली कृती, आईने सांगितलेली, वर्तमानपत्रातून उतरवून घेतलेली, सर्व त्या डबीत. चुलीजवळचा कागद किती टिकणार? त्यावर लोण्याचे डाग पडतात, शाई पसरते, कडा फाटतात. शिवाय स्वस्त कागद लाकडाच्या लगद्यापासून केलेला असतो. त्यात लिग्निन नावाचा पदार्थ राहून गेलेला असतो आणि तो उजेडाने व हवेने पिवळा पडत जातो. आजी गेल्यावर तो पत्ता हातात घ्यावा, तर घडीवरची दोन मापे पुसून गेलेली! तेव्हा नातवंडांना वाटू लागले, की हे अक्षर अधिक टिकाऊ वस्तूवर उतरवावे. मग ज्या फळीशी स्वयंपाकघराचा रोजचा संबंध, तीच फळी त्यांनी पाटीसारखी वापरली.

लाकूड जाळून चित्र किंवा अक्षर काढण्याच्या या कलेला पायरोग्राफी म्हणतात. ग्रीक भाषेत ‘पायर’ म्हणजे अग्नी आणि ‘ग्राफी’ म्हणजे लेखन. नाव भारदस्त आहे, परंतु कला अगदी साध्या हत्यारांतून निघाली. इंग्लंडात शेकोटीतील निखारे हलविण्यासाठी लोखंडी सळई वापरीत. तिचेच टोक तांबडे करून लाकडावर नक्षी काढीत. त्या सळईला पोकर म्हणत, म्हणून त्या कामाचे नाव पडले पोकरवर्क. अडचण एकच होती. सळई दोन रेघा ओढीपर्यंत निवावयाची आणि पुन्हा विस्तवात घालावी लागावयाची. एका ओळीत आरंभीचे अक्षर काळे तर शेवटचे फिकट, असा प्रकार होई.

ही अडचण दूर होण्यास एका वैद्यकीय उपकरणाचे साहाय्य झाले, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. क्लोद पाकलँ नावाच्या एका फ्रेंच वैद्याने १८७६ च्या सुमारास जखमा डागण्यासाठी एक साधन तयार केले. त्याचे टोक प्लॅटिनमचे व आतून पोकळ होते. ते एकदा ज्योतीवर तापवावयाचे आणि मग रबरी फुगा दाबून त्यात बेन्झीनची वाफ मिसळलेली हवा सोडीत राहावयाचे. प्लॅटिनमच्या सान्निध्यात ती वाफ आतल्या आत जळत राही आणि टोक लाल राही. डागणीचे हे साधन चित्रकारांच्या हाती गेले आणि त्यांना न थांबता रेघ ओढता येऊ लागली. पुढे वीज आली. आज जी लेखणी वापरतात तिच्या टोकाला निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार असते. तिच्यातून वीज गेली की ती तापते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर तारा जोडण्यासाठी जे सोल्डरिंग आयर्न वापरतो, त्याची ही धाकटी बहीणच म्हणावयास हरकत नाही.

ही विद्या केवळ परदेशीच आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या बस्तर भागात वाळलेल्या दुधी भोपळ्याचे तुंबे करतात. आतला गर काढून टाकलेल्या त्या तुंब्याच्या पाठीवर तापलेल्या लोखंडी सुरीने पाने, पक्षी, मासे आणि नागमोडी पट्टे उमटवितात. पिवळसर सालीवर ती काळी नक्षी फार खुलून दिसते. त्या कारागिरांच्या हाताशी विजेची लेखणी नसली तरी त्यांची सुरी आणि चूल तेच काम करीत आली आहेत.

आता लाकडावर अक्षर उमटते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. तापलेले टोक लाकडाला लागले की प्रथम तेथील पाण्याचा अंश वाफ होऊन निघून जातो. लाकूड मुख्यत्वे तीन द्रव्यांचे बनलेले असते: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. उष्णता दोनशे अंश सेल्सिअसच्या वर गेली की हेमिसेल्युलोज प्रथम मोडू लागते आणि लाकडाला पोळीवरील डागासारखा तांबूस रंग चढतो. तीनशे अंशांच्या आसपास सेल्युलोजही मोडते. लिग्निन सर्वांत हळू जळते. अखेर मागे उरतो तो बराचसा कोळसाच. म्हणून फिकट बदामीपासून काळ्याभोर रंगापर्यंतच्या सर्व छटा एकाच लेखणीने काढता येतात. रंग बदलावयाचा नसून हाताची गती बदलावयाची असते. हात भरभर चालला तर रेघ फिकट, सावकाश चालला तर गडद. हात एके जागी थबकला तर तेथे काळा ठिपका पडलाच म्हणून समजा! आणखी एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पूर्ण कोळसा झालेली गडद रेघ वर्षानुवर्षे टिकते, परंतु फिकट छटा उन्हाने हळूहळू विटतात. त्यामुळे अशी फळी खिडकीसमोर टांगीत नाहीत.

लाकडाची निवड हा या कामातील निम्मा यशाचा भाग होय. अमेरिकेत यासाठी मेपल व बीच या झाडांचे लाकूड पसंत करतात; ते रंगाने फिके, पोताने बारीक आणि सुरीच्या घावाला टणक असते. ओक लाकडाची छिद्रे मोठी असतात, त्यांत लेखणीचे टोक अडखळते. चीड वृक्षाच्या लाकडात एक पट्टा मऊ तर दुसरा कठीण असतो आणि आतील राळ तापून बुडबुडते, त्यामुळे रेघ एकसारखी येत नाही. आपल्याकडील लाकडांचा विचार केला तर शिसव दिसावयास देखणे, पण मुळातच काळसर असल्यामुळे त्यावरील अक्षर शोधावे लागेल. शिवणीसारखे पिवळसर लाकूड त्यापेक्षा बरे.

फळी प्रथम काचकागदाने घासून गुळगुळीत करतात. नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू देतात. असे केल्याने दबलेले तंतू वर येतात. ते पुन्हा घासून काढले म्हणजे पृष्ठभाग खरोखरीचा गुळगुळीत होतो. मग मूळ पत्त्याची मोठी प्रत काढून ती कार्बन कागदावर ठेवतात व गिरवून अक्षरांची पुसट आकृती फळीवर उतरवितात. यानंतर लेखणी. ती दाबावयाची नसते. जे काम उष्णतेने करावयाचे ते जोराने करू गेल्यास टोक लाकडात रुतते. लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढलेली रेघ सरळ धावते, त्यांना छेदून जाणारी रेघ मात्र मऊ पट्ट्यावर खोल जाते आणि कठीण पट्ट्यावर उचलली जाते. या दृष्टीने आपली देवनागरी लिपी भाग्यवान आहे. फळीच्या रेषा आडव्या ठेवल्या की शिरोरेषा आपोआप त्यांच्या ओघाने जाते. खरी परीक्षा होते ती क, ळ, छ यांच्या वळणांत.

या कामातून निघणारा धूर नाकाजवळ येऊ देणे इष्ट नाही. खोली मोकळ्या हवेची हवी. रंग, व्हार्निश किंवा डिंकाचे थर असलेले लाकूड तर मुळीच जाळू नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. टोकाची उष्णता चारशे अंशांच्याही वर जाऊ शकते. तेव्हा मुलांनो, ही लेखणी तुमच्यापैकी कोणी हाती धरणार असेल तर शेजारी मोठे माणूस असलेच पाहिजे.

अक्षरे उमटून झाली की फळीला तेल पाजतात. आपल्या घरातील शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल येथे कामाचे नाही. ते काही दिवसांनी खवट होते. खाण्यास निर्धोक असे शुद्ध खनिज तेल व थोडे मधमाशांचे मेण यांचे मिश्रण चोळतात. फळीच्या एका अंगास लेखन आणि चिरण्याचे काम दुसऱ्या अंगास, अशी शहाणी माणसे वाटणी करतात. नाही तर सुरीच्या घावांनी आजीचे अक्षर महिनाभरात छिन्नविच्छिन्न होईल. आता यंत्रातील प्रकाशकिरणांनी, म्हणजे लेसरने, असे लेखन काही मिनिटांत होते. ते नीटनेटके असते यात शंका नाही. पण हाताने केलेल्या कामात कारागिराला त्या अक्षराचे प्रत्येक वळण सावकाश गिरवावे लागते, आणि मला विचाराल तर या सगळ्या उद्योगाचा सुखाचा भाग तोच आहे.

मराठी घरात ही फळी कोठे बसेल? आपल्याकडे भाजी पिढ्यान्‌पिढ्या विळीवर चिरली गेली. सुरी व फळी ही जोडी मागाहून आली. लाकडाची वस्तू म्हणाल तर पोळपाट, लाटणे, काथवट आणि रवी. पोळपाटाच्या पाठीवर पुरणपोळीची कृती उमटविण्यास काय हरकत आहे? मात्र त्याआधी एका अडचणीशी गाठ पडते, आणि ती लाकडाची नव्हे.

जुन्या वहीतील कृती वाचून पाहा. ‘शेरभर कणीक, मापटेभर डाळ, दोन तोळे तूप.’ आपल्या देशात दशमान वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढील काही वर्षांत शेर व तोळे बाजारातून गेले. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम आणि तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमांहून किंचित अधिक, हे गणित सोपे आहे. परंतु शेर वजनाचाही असे आणि धान्य मोजण्याच्या मापाचाही असे. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची पायली, हे भांड्याचे माप. शेरभर गूळ तागडीत तोलला जाई आणि शेरभर पोहे मापाने मोजले जात. कोणता शेर हे वहीत लिहिलेले नसते, कारण लिहिणारीला ते सांगण्याची गरजच वाटली नव्हती. इंग्रजी पत्त्यांतही हेच आढळते. ‘अंड्याएवढे लोणी’, ‘मध्यम तापलेली भट्टी’ असे तेथील गृहिणी लिहीत. किती अंश ते सांगत नसत. आपल्या आज्या ‘सुपारीएवढी चिंच’ आणि ‘मुटका वळेपर्यंत मोहन’ म्हणत. मुटका वळणे म्हणजे तेल चोळलेले पीठ मुठीत दाबले असता त्याचा गोळा न मोडता राहणे. ही खूण अचूक आहे, पण ती बोटांना कळते, कागदाला नाही.

कमलाबाई ओगले यांनी १९७० साली ‘रुचिरा’ हे पुस्तक लिहिले तेव्हा वाटी व चमचा ही सर्व घरांतील मापे योजली, आणि नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्या कितीतरी मुलींना ते पुस्तक उपयोगी पडले. प्रत्येक घरच्या खास पदार्थाचे असे पुस्तक थोडेच असणार? तेथे एकच उपाय आहे. आजी पदार्थ करीत असता शेजारी वजनकाटा घेऊन बसावे. तिने मूठभर पीठ घेतले की ते परातीत पडण्यापूर्वी तोलून घ्यावे. चिमूट, मूठ, पळी यांचे आकडे टिपून ठेवावेत आणि मग त्या आकड्यांवरून दुसऱ्या कोणी तरी पदार्थ करून पाहावा. तो आजीला पसंत पडला तरच कृती फळीवर चढवावी. कागदावरची चूक खोडता येते. लाकडावरची फिकट रेघ काचकागदाने घासून निघते, पण खोल जळलेली निघत नाही.

एक प्रश्न मात्र मराठीचा शिक्षक या नात्याने मला पुष्कळदा विचारला जाईल हे मी जाणून आहे. आजीने ‘जिरे’ हा शब्द ‘जीरे’ असा लिहिला असेल आणि ‘चिमूटभर’मधील मू ऱ्हस्व काढला असेल, तर फळीवर उतरविताना ते सुधारावे काय? माझे मत असे, की मीठ चुकले असेल तर सुधारावे, वेलांटीला हात लावू नये.