दोन बॅगा जोडल्या म्हणजे पेटंट मिळतं का?

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की गावाकडची निम्मी मंडळी तिथंच भेटतात. लालबाग-परळच्या चाळींतून निघालेली एकेक कुटुंबं. एका हातात पोराचं मनगट, दुसऱ्या हातात चाकांची बॅग आणि तिच्या मागे सुतळीनं बांधलेली दुसरी बॅग. वळणावर मागची बॅग आडवी होते, सुतळी तुटते, मागून गर्दीचा लोंढा येतो, आणि मग जे काही ऐकावं लागतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

स्टेशनाबाहेर आमच्या तालुक्यातला एक गडी बॅगा दुरुस्त करायला बसतो. वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपात काम गेलं. पोरानं चेन बदलणं, चाक बसवणं, हँडल दुरुस्त करणं हा धंदा धरला. मागं कामानिमित्त मुंबईला गेलो तेव्हा त्यानं मला चाळीतल्या खोलीवर नेलं आणि चाकांच्या दोन बॅगा काढल्या. पुढच्या बॅगेला मागे खटका, मागच्या बॅगेला पुढे कडी. खटका बसला की दोन्ही बॅगा एका हातानं ओढायच्या. फलाटावर उतरलं की सोडवून दोघांनी दोन घ्यायच्या.

"सायेब, तुमी सरकारी मानूस. याचं पेटंट काढायचं हाय. मिळंल का?"

मला कपाशीवरची बोंडअळी ओळखता येते, माती परीक्षणाचा अहवाल वाचता येतो. पेटंटचा आणि माझा संबंध नव्हता. पण माणूस गावचा, नाही कसं म्हणायचं? म्हणून माहिती काढली. ती इथं देतोय, कारण आपल्या प्रत्येक बाजारगावात वेल्डिंगच्या दुकानात रोज काही ना काही नवं जोडलं जातं, आणि आपली माणसं ठरलेल्या चुका करतात. त्यातली एक चूक माझ्याच हातून झाली. ती पुढे सांगतो.

पेटंट म्हणजे चतु:सीमा

पेटंटला सरकारी मराठीत एकस्व म्हणतात. आपण लावलेला शोध सरकारला सगळा लिहून द्यायचा, आतलं काही लपवायचं नाही. त्याच्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं आपल्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला ती वस्तू बनवता किंवा विकता येत नाही. हा हक्क भारतापुरता असतो.

अर्जात 'दावे' लिहावे लागतात. खरेदीखतात जशा चतु:सीमा, तसे हे दावे. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण हे नीट लिहिलं नाही तर शेजारी बांध कोरणारच. इथंही तसंच आहे. पेटंट कार्यालयातला तपासणी अधिकारी म्हणजे मोजणीवाला समजा. तुम्ही दाखवलेल्या हद्दीतला किती तुकडा खरोखर तुमचा आणि किती आधीच दुसऱ्याच्या नावावर किंवा गावाच्या मालकीचा, हे तो पाहतो.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातात. हे कार्यालय पूर्वी लोअर परळला सन मिलच्या आवारात टोडी इस्टेटमध्ये होतं. आता ते अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज ऑनलाइनही करता येतो. मात्र नुसता अर्ज दिला म्हणजे तपासणी होत नाही. तपासणीची विनंती वेगळी, नमुना १८ भरून करावी लागते. ती मुदतीत केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात.

तपासणीत काय पाहतात?

अधिकारी मुख्यत: तीन गोष्टी पाहतो. वस्तू नवी आहे का? त्या धंद्यातल्या जाणत्या कारागिराला सहज सुचली नसती अशी काही अक्कल तिच्यात आहे का? आणि ती कारखान्यात बनवता, वापरता येते का? वस्तू उपयोगी आहे एवढ्यानं भागत नाही. सुतळीही उपयोगीच आहे.

नवेपणा साऱ्या जगात मोजला जातो. कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत ती गोष्ट आधी छापली गेली असेल किंवा वापरात असेल तर नवेपणा संपला. चाकांच्या बॅगेचंच बघा. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो नावाच्या माणसाला विमानतळावर एक कामगार जड यंत्र चाकाच्या फळीवरून नेताना दिसला. त्यानं सूटकेसला चार चाकं आणि ओढायला पट्टा लावला. १९७२ साली त्याला पेटंट मिळालं, पण पुढे इतर कारखानदारांनी एकत्र येऊन ते मोडून काढलं. त्याची बॅग आडवी चालायची, वळणावर कलंडायची. १९८७ साली रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकानं बॅग उभी केली, खाली दोन चाकं आणि वर लांब हँडल दिलं. आज आपण ओढतो ती बॅग तिथून आली. दादरला बसून बॅग जोडणाऱ्याचा अर्जही या जुन्या कागदांशी ताडून बघितला जातो.

आपल्या पेटंट कायद्यात कलम ३ मध्ये कशाला पेटंट नाही त्याची यादी आहे. त्यातलं एक पोटकलम इंग्रजी प्रतीत 'एफ' म्हणून आहे, आणि जोडबॅगेची खरी परीक्षा तिथं होते. माहीत असलेल्या वस्तू शेजारी शेजारी मांडल्या, जोडल्या किंवा दुप्पट केल्या, आणि त्या आपापलं काम पूर्वीसारखंच स्वतंत्रपणे करीत राहिल्या, तर तो शोध नव्हे, असं हे कलम सांगतं.

उसाच्या हंगामातलं उदाहरण घ्या. कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात. पहिलीच्या मागं दुसरी अडकवली. दोन्ही आपापला ऊस वाहतात, पूर्वीही वाहत होत्या. माल दुप्पट गेला, पण शोध काही लागला नाही. आता समजा, जोडणीच अशी केली की उतारावर पुढची ट्रॉली थांबली की मागची आपोआप रोखली जाते आणि ट्रॅक्टरला ढकलत नाही. म्हणजे एकट्या ट्रॉलीत नसलेला गुण जोडणीतून आला. मग अधिकारी पुढचा प्रश्न विचारील, हे आधी कोणी केलंय का?

सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली याच स्वरूपाचा निकाल दिला आहे. मिर्झापूरच्या एका भांडी बनवणाऱ्या कारखान्यानं लेथवर भांडं धरून ठेवण्याच्या साधनाचं पेटंट घेतलं होतं. न्यायालयानं ते टिकू दिलं नाही. जुन्या वस्तूंची जोडणी ही कारखान्यातल्या रोजच्या सुधारणेपेक्षा काही अधिक असली पाहिजे, नुसती गोळाबेरीज चालणार नाही, असं त्या निकालाचं सार आहे. गावातल्या प्रत्येक फॅब्रिकेशनवाल्यानं हे वाक्य दुकानात लिहून ठेवावं.

गिरगावच्या मुलानं लढलेली हळद

'आधीच माहीत होतं' हे शस्त्र आपल्या बाजूनंही चालतं. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरण्याच्या वापराचं पेटंट मिळालं. आपल्याकडे बोट कापलं की आजी हळदच दाबते! त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. गिरगावात गरिबीत वाढलेला, युनियन हायस्कूलमध्ये शिकलेला हा माणूस. परिषदेनं त्या पेटंटला हरकत घेतली. पण 'आमची आजी लावायची' एवढं म्हणून तिथं चालत नाही. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख असा लेखी पुरावा पुढे ठेवला. १९९७ साली ते पेटंट रद्द झालं.

आपण घ्यायचा धडा असा की तपासणीत तोंडी गोष्टीला किंमत नाही, तारखेच्या कागदाला आहे.

माझी चूक

आता गावाकडची गोष्ट. आमच्या भागातल्या एका वेल्डिंगवाल्यानं दोन सायकल-कोळपी शेजारी शेजारी जोडली. पहिल्यांदा नुसती बोल्टनं आवळली. रान उंचसखल आलं की एक पास खोल जायची, दुसरी वरच्यावर. मग त्यानं मधे असा सांधा बसवला की प्रत्येक चाक आपापल्या सरीचा चढउतार धरतं आणि दोन्ही पासा सारख्या खोलीवर चालतात. एक माणूस दोन ओळी कोळपतो. जोडणीतून नवा गुण आला होता, अर्ज करण्यासारखी वस्तू होती.

पण मला काय सुचलं? मीच त्याला तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यायला लावला. मीच मोबाईलवर चित्रीकरण करून गटागटांत पाठवलं. बक्षीस मिळालं, हार पडला, फोटो छापून आला. पुढच्या हंगामात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याचं तसलंच कोळपं बाजारात दिसलं. वेल्डिंगवाला माझ्याकडे आला, "साहेब, आता पेटंट काढू या." तेव्हा कळलं की वेळ निघून गेली. आम्ही स्वत:च पसरवलेलं चित्रीकरण आमच्याच अर्जाविरुद्ध पुरावा झालं होतं. कायद्यात प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना. तालुक्याच्या मंडपाला ती लागू होत नाही.

तो काही बोलला नाही. "जाऊ द्या साहेब, तुमी चांगल्यासाठीच केलंत," एवढंच म्हणाला. ते जास्त लागलं.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, हे ध्यानात ठेवा

१. आधी अर्ज, मग प्रदर्शन. विक्री, चित्रीकरण, बातमी, सगळं अर्जाची तारीख पडल्यावर.

२. वस्तू पूर्ण तयार नसेल तर तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करता येतो. तारीख पक्की होते. पूर्ण तपशील त्यानंतर बारा महिन्यांत द्यावा लागतो.

३. पैसे भरण्याआधी शोध घ्या. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज फुकट बघता येतात. शेजारच्या शिकलेल्या पोराला बसवा.

४. एकट्या माणसाच्या साध्या ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीची ४,००० रुपये आहे. भरण्यापूर्वी चालू दर बघून घ्या. वकील किंवा एजंट केला तर त्याचे पैसे वेगळे. २०२४ च्या नियमांपासून तपासणीची विनंती ३१ महिन्यांच्या आत करायची आहे.

५. तपासणीचा पहिला अहवाल आला की घाबरू नका. त्यात हरकती असतातच. उत्तराला सहा महिने मिळतात. दावे आवळून, आपला नवा भाग नेमका दाखवून उत्तर द्या.

६. नुसता आकार किंवा दिसणं नवं असेल तर पेटंट नव्हे, डिझाइनची नोंदणी करा. २००० सालच्या कायद्यानं ती दहा वर्षं मिळते, पुढे पाच वर्षं वाढते.

७. शेती करण्याची पद्धत आणि बियाण्याचे वाण यांना पेटंट नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी भात दूरवर पिकला, पण २०१८ साली ते गेले तोवर हलाखी सुटली नव्हती. वाणासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. त्यात शेतकऱ्याला स्वत:च्या नावानं वाण नोंदवता येतो.

ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना आणि आमच्या खात्यातल्या मंडळींनाही विनंती आहे. प्रदर्शनाचा स्टॉल देताना एक प्रश्न विचारायची सवय लावा, "अर्ज केलाय का?" आणि दुसऱ्या कोणी आपल्या गावची जुनी वस्तू स्वत:च्या नावावर करायला घेतली, तर पेटंट मिळण्याआधी कोणालाही हरकत घेता येते. त्यासाठी तारखेचे फोटो, पावत्या, ठराव जपून ठेवा.

बॅगवाल्याचं काय झालं? एका रात्री त्याच्या खोलीवर बसून आम्ही मोबाईलवर जुने अर्ज चाळले. एकमेकींना जोडायच्या बॅगा एकापाठोपाठ एक निघाल्या. कुठे पट्टा, कुठे हूक, कुठे खटका. त्याचा चेहरा उतरला. मग मी विचारलं, "तुझी मागची बॅग वळणावर पडत का नाही?" त्यानं मला दाखवलं. तेवढा भाग आम्हाला जुन्या कागदांत सापडला नाही. बॅगा, चाकं, जोडणी हे सगळं सोडून तेवढ्याचाच दावा लिहिला आणि तात्पुरत्या तपशिलासह अर्ज केला. मिळेल की नाही ते तपासणी अधिकारी ठरवील. त्या खटक्यात नेमकं काय आहे ते इथं मुद्दाम लिहीत नाही.

आमच्या वेल्डिंगवाल्यानंही कोळप्याला आता नवं काहीतरी बसवलंय. परवा दुकानात गेलो तर वर गोणपाट टाकलेलं. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, "थांबा साहेब. तारीख पडू द्या, मग दावतो."