वायुवाहिनी आणि शेतकऱ्याचे २१ दिवस
दाभोळ-बेंगळुरू नैसर्गिक वायुवाहिनी बेळगाव जिल्ह्यातून जाते. ती २०१३ मध्ये कार्यान्वित झाली. अशा वाहिनीसाठी १९६२ च्या कायद्यानुसार जमिनीची मालकी नव्हे, केवळ वापराचा हक्क घेतला जातो. त्या पट्ट्यात पिके घेता येतात. घर, विहीर, झाड यांस मात्र मनाई असते. प्रत्यक्ष नुकसानीच्या भरपाईखेरीज बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. हरकतीची मुदत अधिसूचनेपासून २१ दिवसांची असते.

तमिळनाडूतील शेतकऱ्यांनी २०१३ मध्ये वाहिनी शेतांऐवजी महामार्गाच्या कडेने न्यावी, असे आंदोलन केले. राज्य सरकारने साथ दिली. तथापि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय कंपनीच्या बाजूने लागला. यास्तव अधिसूचना वाचणे व मुदतीत लेखी हरकत देणे, हे सीमाभागातील शेतकऱ्यांच्या मुलांना वर्गातच शिकविले गेले पाहिजे.