पंधरवड्याला घरी येणारी ताई

म्हातारपणी विसरायला लागलेल्या, वागणं बदलत गेलेल्या एका माणसाचं वर्णन गोव्यातल्या लोकांना ऐकवलं गेलं. ऐकणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिक होते, त्यांचं करणारे घरचे होते, आरोग्यसेवकही होते. असं कुणी पाहिलंय का, आणि ते कशाने होत असेल, असं त्यांना विचारलं. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मानसोपचारतज्ज्ञांचा हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. वर्णन लोकांच्या चांगलंच ओळखीचं निघालं, पण हा आजार आहे असं काही त्यांना वाटलं नाही. वय झालं की असं व्हायचंच, हे एक उत्तर. घरच्यांनी नीट बघितलं नाही, हाल केले, म्हणून असं झालं, हे दुसरं.

हे दुसरं उत्तर मला फार अस्वस्थ करतं. घरात जी बाई दिवसरात्र राबते आहे, तिच्याच माथी तो आजार मारला जातो. सासूबाई जेवून उठतात आणि अर्ध्या तासाने गॅलरीतून शेजारणीला सांगतात, ‘सकाळपासून पोटात अन्न नाही, ही मला काही देत नाही.’ शेजारणीला ते खरं वाटतं, कारण सासूबाई खोटं बोलत नसतात. जेवल्याचं त्यांच्या स्मरणातच उरलेलं नसतं. सणाला नणंद दोन दिवस राहायला येते. पाहुणे आले की स्मृतिभ्रंश झालेली माणसं थोडा वेळ सावरून वागतात, जुन्या गोष्टी रंगवून सांगतात. नणंद निघताना म्हणते, ‘आई तर छान बोलतेय, तूच उगाच बाऊ करतेस.’ ती गेल्यावर त्या घरात काय होत असेल, हे ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको.

अशी घरं थोडीथोडकी नाहीत. देशभरातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचं प्रमाण जास्त आहे. त्यांचं करतं कोण? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगभरात घरची माणसं अशा रुग्णासाठी दिवसाचे सरासरी पाच तास देतात, आणि त्यातले सुमारे ७० टक्के तास बायकांचे असतात. आपल्याकडे त्या सुना, मुली आणि बायका असतात. मुलं परदेशी गेलेल्या घरांत पंच्याहत्तरीची बायको ऐंशीच्या नवऱ्याला एकटीने उठवते, बसवते, कपडे घालते. मुलं रात्री व्हिडिओ कॉलवर ‘बाबा कसे आहेत?’ विचारतात, आणि आईला विचारायचं राहून जातं.

हे विचारणं का गरजेचं आहे, ते १९९९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाने दाखवलं. आजारी जोडीदाराचं करताना ज्या वृद्धांना ताण जाणवत होता, त्यांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका असं काही करावं न लागणाऱ्या वृद्धांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला.

‘माया असली की सगळं जमतं,’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. माया ओतप्रोत असलेल्या घरांतही मारामारीपर्यंत गोष्टी जातात, कारण काय करायचं हे कुणी शिकवलेलंच नसतं. अंघोळीचंच घ्या. जन्मभर पहाटे उठून अंघोळ करणारे आजोबा एक दिवस बाथरूमच्या दारात हटून बसतात. आधी समजावणं, मग रागावणं, शेवटी दोघांनी दंडाला धरून आत नेणं. आजोबा ओरडतात, हात उगारतात. डॉक्टरांना फोन जातो, ‘फार मारकुटे झालेत हो, काहीतरी गोळी द्या.’

ज्याला हे काम शिकवलंय तो आधी बाथरूम बघतो. आत उजेड पुरेसा आहे का? जमीन आणि भिंत एकाच पांढऱ्या टाइल्सची असल्यामुळे पाऊल कुठे टाकायचं हे त्यांना उमगत नाही का? शॉवरचं पाणी डोक्यावर एकदम येतं, त्याने ते दचकतात का? की सुनेसमोर उघडं व्हायची लाज वाटते, आणि ती सांगायला शब्द सापडत नाहीत? मग शॉवर बंद. बादली, तांब्या आणि पाठ टेकता येईल अशी प्लास्टिकची खुर्ची. खांद्यावर टॉवेल राहू द्यायचा. पाणी आधी पायावर, मग हळूहळू वर, आणि जमेल तोवर तांब्या त्यांच्याच हातात. एका वेळी एकच छोटं वाक्य. ‘नाही’ म्हणाले तर सोडून द्यायचं आणि अर्ध्या तासाने जणू पहिल्यांदाच विचारतोय असं विचारायचं. एखाद्या दिवशी ओल्या पंचाने अंग पुसून घेतलं तरी काही बिघडत नाही, हेसुद्धा कुणीतरी सुनेला ठामपणे सांगावं लागतं. नाहीतर अंघोळ चुकली याची टोचणी तिलाच लागून राहते.

‘माझ्या पाटल्या चोरल्या’ या आरोपावर पुरावे देऊन भांडण्यात अर्थ नसतो. ‘चला, आपण मिळून शोधू’ म्हणायचं आणि त्यांच्या नेहमीच्या लपवायच्या जागा माहीत करून घ्यायच्या. तिन्हीसांजेला ‘मला घरी जायचंय’ सुरू झालं की ‘हेच तुमचं घर’ हे शंभरदा सांगून भीती वाढतेच. चपला घालून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आणलं, किंवा त्या घरी कोण कोण होतं हे विचारत बसलं, तर बहुतेकदा मन शांत होतं. आरशातल्या म्हाताऱ्याला परका माणूस समजून घाबरत असतील तर आरसा झाकायचा.

काही गोष्टी घरच्यांना माहीत नसल्या तर थेट जिवावर बेततात. डिमेन्शिया महिन्या-वर्षांच्या चालीने वाढतो. कालपर्यंत बोलणारी आई आज एकाएकी बरळायला लागली, ग्लानीत गेली किंवा भिंतीवर माणसं दिसतात म्हणाली, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसायचं नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, तुंबलेलं पोट, नवं औषध, असं काहीतरी त्यामागे असतं आणि त्यावर उपाय असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकॉटिक गोळ्यांमुळे डिमेन्शिया झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच दिला होता. क्वचित त्या द्याव्या लागतात. पण बाथरूममध्ये खुर्ची ठेवून सुटणारा प्रश्न गोळीने सोडवू नये, हे घरच्यांना कळायला हवं.

आणि एक कायद्याची बाब. बाबांना निदान झालं की मुलगा मुखत्यारपत्र करून घेतो आणि निश्चिंत होतो. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र करून देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा तो कागद निरुपयोगी. बँकेची खाती, नामनिर्देशन, मृत्युपत्र, पुढे रुग्णालयात काय करायचं आणि काय नाही याबद्दलची त्यांची इच्छा, या गोष्टी बाबांना कळतंय तोवर, त्यांना समोर बसवून बोलायच्या असतात. निदान सांगताना हे त्याच बैठकीत सांगितलं गेलं, असं फार थोड्या घरांतून ऐकू येतं.

आता ज्या कामासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळते. भारतात या क्षेत्रात संघटित काम सुरू झालं ते केरळमध्ये. ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांनी १९९२ साली कोचीत सुरू केली. त्याच शहरात १९९८ साली देशोदेशीचे संशोधक जमले आणि ‘१०/६६’ नावाचा गट स्थापन झाला. डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचं संशोधन मात्र १० टक्क्यांहून कमी, अशी त्या नावामागची तक्रार होती. या गटाने घरच्यांसाठी एक आटोपशीर अभ्यासक्रम बेतला. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच भेटी. पहिल्या भेटीत घरची परिस्थिती समजून घ्यायची : कोण करतंय, मदत कोणाची आहे, आजाराबद्दल काय समज आहे. पुढच्या दोन भेटी आजाराची माहिती देण्यासाठी. शेवटच्या दोन भेटींत त्या घराला जो त्रास सगळ्यात जास्त होतोय त्यावर काम. हे शिकवायला डॉक्टरच हवा असं मुळात धरलेलंच नव्हतं.

याच विचाराच्या वाटेने ‘संगाथ’ या पर्वरीच्या संस्थेशी जोडलेल्या डॉ. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत जे केलं, ते २००८ साली प्रसिद्ध झालं. सौम्य ते मध्यम डिमेन्शिया असलेल्या माणसांची ८१ कुटुंबं त्यांनी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. ४१ घरांना सेवा लगेच, ४० घरांना सहा महिन्यांनी. सेवा देणाऱ्या व्यक्तीकडून अपेक्षा मोजक्या : स्थानिक भाषा यावी, शालेय शिक्षण पुरं झालेलं असावं आणि कामाची कळकळ असावी. थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण घेऊन या ‘गृहसेवा सल्लागार’ पंधरवड्यातून एकदा तरी घरी जायच्या. आजार समजावायच्या, वागण्यातल्या अडचणींवर तोडगे काढायच्या, घरातल्या इतरांना कामाची वाटणी करायला लावायच्या, सरकारी योजनांची माहिती द्यायच्या. मागे एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक असत. गरज असेल तिथे औषधही सुरू होई.

सहा महिन्यांनी मोजमाप झालं. रुग्णांचं वागणं किंवा त्यांची स्वतःचं स्वतः करण्याची क्षमता यांत ठामपणे सांगण्याजोगा फरक नव्हता. करणाऱ्यांचं मानसिक आरोग्य मात्र स्पष्टपणे सुधारलं होतं, आणि रुग्णाच्या वागण्याने त्यांना होणारा त्रास कमी झाला होता. सासूबाई संध्याकाळी ‘घरी जायचंय’ म्हणतच होत्या, पण सुनेचा जीव त्याने पूर्वीइतका कासावीस होत नव्हता. सेवा मिळालेल्या घरांत मृत्यूही कमी झाले. फक्त प्रयोग लहान असल्याने तो योगायोगही असू शकतो, असं संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. ज्या आजारावर पुरतं बरं करणारं औषध नाही, त्यात घरातल्या दोन माणसांपैकी एकाला खात्रीने आराम देता येतो, याहून मोठी गोष्ट मला दुसरी दिसत नाही. आणि ती सिद्ध झाली आपल्या शेजारी, कोकणी बोलणाऱ्या घरांत.

बाहेरचे प्रयोगही याला दुजोरा देतात. लंडनमध्ये मानसशास्त्राच्या पदवीधरांनी आठ बैठकांत घरच्यांना शिकवलं. त्याचा फायदा सहा वर्षांनीही टिकून होता. न्यूयॉर्कचा प्रयोग मला आपल्यासाठी जास्त मोलाचा वाटतो. तिथे मेरी मिटलमन आणि सहकाऱ्यांनी आजारी जोडीदाराचं करणाऱ्या ४०६ जणांबरोबर काम केलं. ज्यांना सेवा मिळाली त्यांच्यासाठी सुरुवातीच्या सहा बैठका होत्या आणि त्यांतल्या चार सगळ्या नातेवाइकांना बरोबर घेऊन होत्या. सेवा न मिळालेल्यांच्या तुलनेत रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ साधारण ५५७ दिवसांनी लांबली. आपल्या घरांत दीर, नणंद, जावा, परदेशातला मुलगा यांना एकदा समोर बसवून ‘ही काय करते ते बघा, आणि महिन्यातले कोणते दिवस तुमचे ते ठरवा’ असं बाहेरच्या कुणीतरी सांगणं, याची केवढी गरज आहे! सून स्वतः हे बोलली की ती तक्रार ठरते.

ऑनलाइन शिक्षणाचे प्रयत्नही झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा कार्यक्रम बंगळुरूच्या निम्हान्सने भारतात तपासून पाहिला. मध्येच सोडून देणाऱ्यांचं प्रमाण त्यात मोठं होतं. मला त्याचं नवल वाटत नाही. जिला शांतपणे चहा घ्यायला दहा मिनिटं मिळत नाहीत, तिने धडे कधी वाचायचे? परवडतं त्या घरांत ब्यूरोची बाई येते, पण ती बदलली की रुग्ण पुन्हा बिथरतो, आणि तिलाही या आजाराचं शिक्षण क्वचितच मिळालेलं असतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतपंडित हत्तीमागे चालत घरापासून दूर निघून जातात. तो सिनेमा पाहून पुष्कळ मराठी घरांना आपल्याकडे जे चाललंय त्याला नाव मिळालं असेल. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी आणि दाराला वर, नजरेच्या टप्प्याबाहेर कडी, हे पुढचं शिक्षण सिनेमाने करायचं नसतं.

ते करायला जागा आपल्याकडे तयार आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकासाठी मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या तपासणीचा एक फॉर्म भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत : खाणं, कपडे, अंघोळ यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? म्हणजे घराघरांत जाऊन हा प्रश्न सरकार आजच विचारतं आहे. ‘हो’ वर खूण झाली की रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवायचं. त्या केंद्रातल्या डॉक्टरला डिमेन्शिया ओळखता यावा, आणि उत्तर देणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी उभ्या असलेल्या सुनेला काय सांगायचं ते ठरलेलं असावं. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. मानधन न वाढवता हेही त्यांच्यावर लादणं अन्यायाचं होईल. त्यांनी शोधून द्यावं, आणि पुढच्या भेटींसाठी तालुक्यात दोन-तीन वेगळ्या, पगारी, शिकवलेल्या ताया असाव्यात. महिन्यातून एकदा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचारतज्ज्ञाने त्यांच्या घरांचा आढावा घ्यावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्यांच्या खर्चात या तायांच्या पगाराची एक ओळ घालावी लागेल, आणि सुरुवात ज्यांच्या फॉर्मवर आजच ‘हो’ अशी खूण आहे त्या घरांपासून करता येईल.